बाई, सांगावा फिरवला का?

मागच्या मयन्यात मले कावळा शिवला. दारच्या निंबाच्या झाडावर त्याचं घरटं, घरट्यात पिल्लं, मी खाली माह्या लेकीचे, परीचे कपडे वाळू घालून राह्यली होती अन् मागून कवा आला त समजलंच नाई, डोक्यात चोच मारून गेला. मी ओरडली. सासूच्या हातातली परात खाली पडली. तिनं पयले माहं डोकं नाई पाह्यलं, पयले वर झाडाकडे पाह्यलं, मंग माह्या कुकवाकडे, मंग म्हने, "आता कोनाले तरी कळवा लागते वो माय."

आमच्याकडे असंच हाये. कावळा डोक्याले शिवला का त्या मानसाच्या जिवावर बला येते म्हन्तेत. थे उतरवाची त जीव लावनाऱ्या कोन्या मानसाले त्याच्या मरनाची खोटी बातमी धाडाची. ते मानूस खरं रडलं पायजे. त्या रडन्यावर मरन भागून जाते. पन दिवस मावळाच्या आत दुसरी बातमी धाडाची, का मानूस जितं हाये, रडू नका. याले सांगावा फिरवनं म्हन्तेत. पयला सांगावा खोटा, दुसरा खरा. दुसरा नाई धाडला त बला तिथंच बसून राह्यते.

"तुह्या मायले फोन लावतो," सासू म्हने.

"मायले नाई!" मी असी ओरडली का परी भेऊन रडाले लागली. "मायले नाई सांगाचं आत्याबाई, पाया पडतो तुमच्या."

"मंग कोनाले? कोन रडन तुह्यासाठी?"

अन् माह्या तोंडातून जे नाव निंगालं ते काहून निंगालं हे मले अजून समजलं नाई. मी म्हनलं, "एस्तेरबाईले लावा."

एस्तेरबाई म्हंजे आमच्या सेंटरच्या बाई. माहं माहेर अंजनगाव सुर्जीच्या बाजूचं खेडं. आमचा खायच्या पानाचा मळा, माय अन् बापू दिवसभर त्यातच. गावात ख्रिस्ती लोकायचं एक सेंटर होतं. शाळा सुटली का आमी पोट्ट्यायनं तिथं जाचं, खिचडी खाची, अभ्यास कराचा, गानी म्हनाची. एकेका लेकराले परदेशातलं एकेक मानूस नेमून देल्लं होतं. ते मानूस तिकडून लेकराच्या शाळेचं पाहे, अन् लेकरानं इकडून त्याले चिठ्ठ्या धाडाच्या. मले अमेरिकेतली एक बुढी भेटली, डोरोथी नावाची. मी पयलीत होती. मी तिले कवा पाह्यलं नोतं, पन एस्तेरबाईनं सांगतलं, "ही तुझी परदेशातली आजी." मी म्हनलं बरं. एक आजी घरी होतीच, दुसरी आली.

बाई ठेंगनी. साडी असी चापूनचोपून पिनायनं टाचलेली का वाऱ्यानं पदर हालत नसे. हातात मानसाचं घड्याळ, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, मनगटाले मोठं व्हये, म्हनून कोपरापर्यंत सरकवून ठेवे. खांद्याले एक काळी पिशवी. त्यात पेनं, कंगवा, डोक्याले लावाचा बाम, बिस्किटं, अन् चुकलेलं झाकाची ते पांढऱ्या शाईची बाटली, व्हाइटनर. ते बाटली बाईशिवाय कोनीच धरू शकत नोतं. आमी लेकरायनं चुकलं का पुरा कागद फाडून पयल्यापासून लिवाचा. "खाडाखोड चालत नाही," बाई म्हने. दिवसातून दहादा म्हने. "परदेशातले लोक अक्षर पाहत नाहीत गं, मन पाहतात." अन् मंग वहीत पाहे अन् पाठीत एक धपाटा. "पण मन ओळीत दाखव!"

बोले कसी, त रेडिओवरल्या बाईसारखी. करतेस, जातेस, आणि, परंतु. मले घरात सारे जोसना म्हनत, बाई एकटी ज्योत्स्ना म्हने, पुरं नाव, तोंड भरून. पन राग आला का सारं गळून पडे. "काहून वो पोट्टे, कानात बोळे कोंबले का?" आमाले लय मजा वाटे. आमी मुद्दाम तिले चिडवत जाओ, बाईच्या तोंडून आमची बोली आयकाले.

वर्सातून एकदा फोटो राहे, परदेशी धाडाचा. बाईची एक जागा ठरली होती. गावाच्या कडेले एका बुढ्याच्या गोठ्याची पडकी भिंत होती, साऱ्या लेकरायचे फोटो त्या भिंतीपाशीच. ज्याचं घर स्लॅबचं होतं तो बी तिथंच. बाई आमच्या कानातलं काढून घे, नवा फ्रॉक असला त म्हने बदलून ये. "हसू नकोस. दात दाखवलेस तर कोण पाठवेल तुला काही?" एक साल त्या बुढ्यानं पोराच्या लग्नाले भिंत लिंपली, वर चुना मारला. बाई फोटोवाल्याले घेऊन आली अन् पाहतच राह्यली. बुढ्याले म्हने, "आजोबा, काय करून ठेवलं हे?" बुढा म्हने, "बाई, भिंत माही हाये." बाई म्हने, "तुमची आहे, पण तेवीस लेकरं हिच्यावर शिकतात!" आमी हासून हासून लोळलो. तवा ते हासाचीच गोष्ट होती.

मी बाईले वाईट म्हनाले लिवून नाई राह्यली. हे मले आधीच सांगा लागते, नाई त पुढचं सांगनं होनार नाई. माह्या डोक्यातल्या उवा बाईनं काढल्या. पेन धराले बाईनं शिकवलं, अंगठा कुठी अन् बोट कुठी. तिसरीत मले ताप भरला, माय-बापू मळ्यात, बाईले समजलं. पान्यानं रस्ता वाहून गेला होता, ऑटो नाई, बाईनं मले पाठुंगळी घेतलं अन् अंजनगावच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली. मधात तिची चप्पल तुटली, तिनं फेकून देल्ली. रस्ताभर म्हनत होती, "ज्योत्स्ना, झोपायचं नाही, पाढे म्हण." मी म्हनून राह्यली होती. बे दाहे वीसपर्यंत गेली अन् दवाखाना आला. हे बाईनं कवाच कोनाले बोलून नाई दाखवलं. म्हनून मी भेतो. वाईट मानसानं केलं असतं त सोपं गेलं असतं.

मी चवथीत होती तवा मायले कावळा शिवला, पानमळ्यात पानं खुडता खुडता. घरच्या आजीनं लगेच बापूले दर्यापूरच्या मामाले फोन लावाले लावला, का तुमची बहीन गेली. मामाचं रडनं फोनमधून आंगनात आयकू येत होतं. माय चुलीपाशी बसून गालाले हात लावून आयकून राह्यली होती, म्हने, "दादा जीव लावते वो मले." मी शाळेत निंगाली तवा आजीनं मले जवळ वढलं. "सूर्य बुडेपर्यंत कोनी बी इचारलं त मेलीच म्हनाचं. खरं सांगतलं त गुन येत नाई."

अन् तो चिठ्ठी लिवाचा दिवस होता.

बाईनं माहं तोंड पाह्यलं अन् इचारलं, "काय झालं गं?" मी म्हनलं, "माय मेली." बाई उभी होती ते खाली बसली, मातीतच. मले पोटाशी धरलं, तिचं घड्याळ माह्या कानाले रुतलं अन् टिकटिक आयकू आली, अन् मंग बाई रडली. अशी रडली का मले बी वाटाले लागलं का माय खरीच मेली. मी तशातच चिठ्ठी लिवली. माझी आई देवाघरी गेली. बाईनं खाली इंग्रजीत लिवलं, पाकिटात टाकलं, सांजच्या गाडीनं टपालाचं पुडकं गेलं. लय दिवसानं बाई मले म्हनली होती, "इतकं सुंदर अक्षर तुझं पुन्हा कधी आलं नाही."

दुसऱ्या दिवशी पाह्यटीच बाई पांढरी साडी नेसून आमच्या दारात आली. दार मायनं उघडलं.

बाईचं तोंड असं झालं का मायले हासू आवरलं नाई. तिनं बाईले बसवलं, चहा टाकला, कावळ्यापासून सारं सांगतलं. बाई चिडली. "ही अंधश्रद्धा आहे ताई. खोटं बोलणं पाप आहे, तेही लेकराच्या तोंडून!" मायनं कान पकडले. मंग चहा पिता पिता बाई म्हने, "पण चिठ्ठी तर काल गेली."

मायचं हासू गेलं. "मंग दुसरी धाडा बाई. आजच धाडा. सारे सांगावे फिरले, तेवढाच राह्यला. अमेरिकेतून बी बला येते का मले मालूम नाई, पन तेवढा फिरवा."

"फिरवते हो," बाई म्हने. "काळजी नका करू."

हे तिचे शब्द. मी तिथंच होती, कपबशी धुवून राह्यली होती.

मंग तिकडून खोकं आलं. आजपर्यंत कोनाले तेवढं मोठं आलं नोतं. मले स्वेटर, बाहुली, अन् तीन पानी चिठ्ठी. चिठ्ठी बाई वाचून दाखवे, इंग्रजीतून मराठीत. मी तिच्या डोळ्याकडे पाहत राहो. डोळे ओळीवरून चालत चालत एकदम उडी मारत, खालच्या ओळीवर जात. मी इचारलं, "बाई, मधात काय होतं?" म्हने, "काही नाही, हवापाण्याचं." मी इचारलं, "सांगावा फिरवला का?" म्हने, "फिरवला गं. हे बघ, आजी लिहितात, तुझ्या आईला नमस्कार सांग."

मी पळत घरी गेली. मायनं हात पुसले, जोडले, वर कपाळाले लावले. "अमेरिकेतून मले नमस्कार!"

चार वर्सं असंच. मी हरखेपी इचारलं अन् हरखेपी बाईनं म्हनलं फिरवला. हरेक चिठ्ठीत मायले नमस्कार. मायनं तिच्यासाठी एक रुमाल भरला. पांढरा, कोपऱ्यात पानाचा वेल, हिरव्या दोऱ्याचा, आमच्या मळ्यातला असते तसा. दुपारची झोप मोडून मोडून भरला. बाईजवळ देला, म्हने, "त्या बुढीले म्हना मायनं भरला, काही चुकलं असन त हासू नका."

मी आठवीत होती तवा ते लोक आले. बाई आठ दिवस आधीपासून झोपली नसन. सेंटरले रंग, दाराले तोरन, गान्याची तयारी. मायले सांगतलं, तुमच्या हातची वांग्याची भाजी अन् भाकरी पायजे, पाव्हन्यायले आवडन. मायले केवढा आनंद. तिनं तिची जांभळी साडी काढली, मोठं कुकू लावलं, मले म्हने, "मी तिच्या पाया पडू का हात मिळवू?" आमी घरात हात मिळवाची प्रॅक्टिस केली. माय हासून हासून खाली बसली.

मिनीबस आली. साऱ्यायचे निळे टी-शर्ट, एका लग्नातले वऱ्हाडी असल्यासारखे. त्यातून एक उंच बुढी काठी टेकत उतरली अन् माह्याकडे पाहून थांबली. मले वाटलं नोतं का ते असी रडन. तिनं मले धरलं, तिच्या अंगाले गोड साबनाचा वास. मंग पर्समधून रुमाल काढला. मायचा रुमाल, पानाच्या वेलाचा. तो दोन हातात धरून काहीतरी बोलाले लागली अन् रडाले लागली. बाई बाजूले उभी होती मराठीत सांगाले, पन बाई काहीच सांगत नोती.

तेवढ्यात माय चहाचा ट्रे घेऊन आली. बुढीनं तिच्याकडे पाह्यलं, तिच्या कुकवाकडे, माह्याकडे, अन् इचारलं, ही कोन? एवढं इंग्रजी मले बी समजलं.

बाईनं एक क्षन बी घेतला नाई. जे म्हनलं त्यातला येकच शब्द मले समजला. आंटी.

मायले तो बी समजला नाई. ते हात मिळवाले पुढं झाली होती, ट्रे एका हातात. बाई तिच्या कानाजवळ गेली अन् हासत हासत मराठीत म्हने, "ताई, आजचा दिवस मावशी व्हा. त्यांना अजून कळवलेलं नाही. साऱ्या सेंटरचा प्रश्न आहे." बुढी माह्याकडे वळली, काही इचारलं. बाईनं माह्या खांद्यावर हात ठेवला, ज्यानं मले पाठुंगळी धरलं होतं तोच हात, अन् अंगठा रुतवला. "आजी विचारतात, मावशी नीट सांभाळते ना तुला?"

मी मायकडे पाह्यलं. माय ट्रेकडे पाहून राह्यली होती.

मी म्हनलं, "हाव. मावशी चांगली हाये."

हे मी म्हनलं. बाईनं नाई, मी.

मंग त्यायनं अमरावतीहून आनलेलं गुलाबाचं कलम काढलं. सेंटरच्या आंगनात खड्डा तयारच होता. मले वाटलं होतं नळासाठी खनला. त्याच्याआधी बुढी आमचा मळा पाहून आली होती, चप्पल बाहेर काढून आत गेली होती, कोनी सांगतलं होतं का पानमळ्यात चप्पल चालत नाई, म्हनून तिच्या गोऱ्या पायाले काळी माती तशीच होती. त्याच पायानं ते खड्ड्यापाशी उभी राह्यली, डोळे मिटले, प्रार्थना म्हनली. प्रार्थनेत मायचं नाव आलं. मायनं आपलं नाव आयकलं अन् वर पाह्यलं, कोनी हाक मारली का म्हनून. मंग बाई म्हने, "पाणी आणा कोणीतरी," अन् कोनीच हाललं नाई, त मायच गेली, बादली आनली, अन् तिच्या आठवनीच्या झाडाले तिनंच पानी घातलं. बुढीनं तिले मिठी मारली. चांगली होती वो ते बुढी. तिचा काहीच दोष नाई.

घरी येऊन मायनं डोक्यावरून पानी घेतलं, पुन्हा मोठं कुकू लावलं अन् भिंतीले टेकून बसली. बापू काही इचारत होते त म्हने, "काही नाई. मले पाहाले आले होते लोक." मले म्हने, "उद्यापासून नाई जाचं तिकडे."

बाई तीनदा आली. मायनं तीनी बार चहा देला. तिसऱ्या बारीले मी दाराआडून आयकत होती.

"तुमी फिरवला नाई बाई."

"कशी फिरवू? त्यांच्या चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना झाली होती. त्या चिठ्ठीवर अजून बारा पोरी घेतल्या त्यांनी. त्यांना काय सांगू, कावळा शिवला होता? खाडाखोड कशी करू ताई मी?"

मायनं बाईची कपबशी उचलली. मंग म्हने, "जिती हाये, एवढंच लिवाचं होतं."

बाई उठली, चप्पल घातली, अन् जाता जाता माह्याकडे पाहून म्हने, "नुकसान पोरीचं होईल." अन् झालं. नववीनंतर शाळा सुटली. अंजनगावचं जानं-येनं, पुस्तकं, कोन पाहीन? अठरा लागले अन् लगन होऊन मी अकोल्यात आली. आमचे हे दालमिलमध्ये हायेत. बाईचा नंबर माह्याजवळ कसा, त दर इतवारी बाई साऱ्यायले मोबाईलवर फुलाचं चित्र अन् एक वचन धाडते. मले बी धाडे. मी कवा उत्तर देल्लं नाई, पन नंबर बी कवा काढून नाई टाकला.

तर सासूनं फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. "जोसना गेली वो बाई," सासू म्हने. माह्या सासूले खोटं रडता येते, तिनं एक हुंदका बी देला. तिकून एक आवाज आला, मी तो वळखला. चवथीत असताना मातीत बसून काढला होता तोच. "माझी पोर! माझी ज्योत्स्ना!" अन् मंग बोली गळून पडली, "असी कसी गेली वो, लेकरू लहान हाये तिचं!"

मी भिंतीले टेकून उभी होती, पदर तोंडात. माह्या छातीत असं गरम झालं. खोटं नाई सांगत, मले बरं वाटलं. म्हनलं रडू दे. घटकाभर रडू दे.

सांजच्याले सासूनं फिरवाले फोन लावला त मोबाईल बंद. दुसऱ्या दिवशी बी बंद. मी मायले फोन करून सारं सांगून टाकलं. मायनं सारं आयकून घेतलं. मंग म्हने, "तिनं नाई फिरवला म्हनून तू बी नाई फिरवशीन का? जाय. तोंडानं सांगून ये."

तिसऱ्या दिवशी परीले घेऊन एसटीनं अमरावतीले गेली, बाई आता तिथंच राह्यते. चर्चच्या मागच्या गल्लीत बाईचं दोन खोल्यायचं घर, पुढं लहानसा व्हरांडा. बाई खुर्चीवर बसली होती, पांढरी साडी. केसं पुरे पांढरे झालेले. घड्याळ तेच, आता त खांद्यापर्यंत जाईन असं ढिलं. मी गेट उघडलं, म्हनलं, "बाई, मी जिती हाये."

बाईनं चष्मा काढला, पुसला, घातला. उठली, आली, माहे गाल दाबून पाह्यले, हात पाह्यले, परीले पाह्यलं. "कावळा?" म्हने.

"कावळा," मी म्हनलं.

बाईनं माह्या पाठीत एक धपाटा मारला. जुनाच. अन् मंग मले धरून रडली, हासली, पुन्हा रडली. "मोबाईल बंद करून तीन दिवस उपास केला मी!" खुर्चीखाली पिशवी होती, तिच्यात परीच्या मापाचा फ्रॉक, बिस्किटं. बाई उद्या अकोल्याले येनारच होती. हे सारं खरं होतं. मी इतकी ढिली पडली का मी बी रडली. मी म्हनलं, "बाई, डोरोथी आजीले त आता तरी कळवा मायचं."

"त्या गेल्या गं," बाई म्हने. "दोन वर्षं झाली."

म्हंजे कोनी सांगतलंच नाई तिले. आता ते तिच्या सरगात माह्या मायले शोधून राह्यली असन, अन् माय इकडे मळ्यात पानं खुडून राह्यली.

बाईनं चहा केला. परी बिस्किट खात होती. मंग बाई आतून एक फारम घेऊन आली, मांडीवर ठेवला, त्यावरून हात फिरवला. मी पाह्यलं. वर परीचा फोटो होता, मी माह्या मोबाईलच्या स्टेटसले लावतो तो. परीचं पुरं नाव. खाली, आई, अन् त्याच्यापुढं बाईच्या सुंदर अक्षरात, मयत.

"तू गेल्याची बातमी आल्यावर मी दुसरं काय करू शकत होते?" बाई म्हने. "माझ्या हातात एवढंच आहे. त्याच चर्चचे लोक पुढच्या महिन्यात येतात. डोरोथीबाईंची लेक येते. चर्चच्या फोनवरून मी कळवलं, तुझं नाव ऐकून ती लगेच हो म्हणाली. बारावीपर्यंत बघतील परीचं. पुढचंही बघतील." मंग आवाज एकदम मऊ झाला. "एकच दिवस गं ज्योत्स्ना. त्या दिवशी तू परीची मावशी हो."

मले भेव वाटलं, अन् बाईचं नाई वाटलं, माहं वाटलं. माह्या तोंडात हाव आला होता. बारावीपर्यंत, बाई म्हनून राह्यली होती. मले नववी बी नीट भेटली नाई. एक दिवस. मायनं बी एक दिवसच त केला होता.

परीनं बिस्किटाचा हात माह्या तोंडाले लावला अन् म्हने, "आई, खा."

मी बाईच्या पिशवीतून पेन काढला. अंगठा इथं अन् बोट तिथं. मयतवर रेघ मारली अन् त्याच्यावर लिवलं, जिवंत. माहं अक्षर वाकडं आलं.

बाईनं पाह्यलं. "खाडाखोड चालत नाही," हळूच म्हने.

"चालवा बाई. असाच धाडा. म्हना आई जिती हाये, पोरीले शिकवता का? नाई म्हनले त नाई."

"बरं," बाई म्हने. "धाडते. काळजी नको करूस."

मी परीले कडेवर घेतलं, निंगाली. गेटापर्यंत गेली अन् ते काळजीचे शब्द माह्या पाठीत रुतले. कपबशी धुताना आयकले होते तेच. मी मागं वळली.

बाई खुर्चीत वाकून बसली होती. चष्मा कपाळावर, फारम मांडीवर, हातात ते लहान बाटली. बारीक ब्रशनं लावत होती अन् फुंकर मारत होती, वाळाले.

मी परत गेली. जिवंत पुरं पांढरं झालं होतं. मी फारम उचलला. बाईनं वढला नाई, सोडून देला. मी घडी केली, कमरेले खोसली. बाईनं डोळे पुसले, तिच्या बोटाले शाई होती, ते डोळ्याखाली लागली, पांढरा वरखाडा. "नुकसान पोरीचं होते वो," ते म्हने, आमच्या बोलीत, अन् या बारीले चिडून नाई. मी मेली म्हनून ते रडली, मी जिती हाये म्हनून रडली, आता कशासाठी रडत होती ते मी इचारलं नाई. गल्लीच्या वळनावरून पाह्यलं त तशीच बसून होती, डोळ्याखाली तो पांढरा डाग, मांडीवर रिकामा हात.

घरी पोचली त सासू दारातच. "फिरवला का सांगावा?"

मी म्हनलं, "मी फिरवला आत्याबाई. बाईनं घेतला नाई."

सासूनं परीले माह्याजवळून घेतलं अन् निंबाच्या झाडाकडे पाहाले लागली.